डोस भरण्याआधी वळूचं पैदास मूल्य कसं वाचायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुराक, चारा, औषधपाणी यांवर आपण रोज खर्च करतो आणि बहुतेक जण त्याचा हिशेबही ठेवतात. गाय भरवताना, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या रेताचा डोस देऊन कृत्रिम रेतन करताना, मात्र ‘डॉक्टर, एचएफचा (होलस्टीनचा) चांगला डोस टाका’ एवढ्यावर काम भागवलं जातं. त्या दोन मिनिटांच्या निर्णयातून झालेली कालवड तीन वर्षांनी दुधाला येते आणि पुढची सात-आठ वर्षं दावणीला राहते. दुधाच्या धंद्यात इतक्या कमी पैशांत इतका लांबचा परिणाम करणारा दुसरा निर्णय नाही, म्हणून हे प्रश्न सविस्तर घेतले आहेत.

पैदास मूल्य म्हणजे नेमकं काय?

वळूकडून त्याच्या लेकींना दुधाचे, फॅटचे, कासेच्या ठेवणीचे गुण किती मिळतील याचा अंदाज. हा अंदाज वळूच्या आई-बापाच्या, बहिणींच्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेकींच्या नोंदींवरून काढतात. ब्रीडिंग व्हॅल्यू म्हणतात ते हेच.

आकडा नेहमी कुठल्यातरी सरासरीच्या वर किंवा खाली असा दिलेला असतो. वळूचं पैदास मूल्य दुधासाठी +६०० लिटर असेल, तर त्याची लेक ६०० लिटर जादा देईल असा अर्थ होत नाही. लेकीला निम्मे गुण बापाकडून आणि निम्मे आईकडून मिळतात. म्हणजे या वळूच्या लेकी सरासरी ३०० लिटर जादा देतील, एका वेतात.

आता त्याच यादीत दुसरा वळू +२०० चा आहे असं समजा. दोघांत फरक ४०० चा, लेकींत तो निम्मा होऊन २०० लिटरचा. दुधाला ३२ रुपये दर धरला तर वेताला ६,४०० रुपये. जादा दुधासाठी थोडा जादा खुराक लागेल, तो वजा करा. तरी कालवड चार वेतं टिकली तर दोन डोसांच्या किमतीतला फरक कितीतरी वेळा भरून निघतो. शिवाय त्या कालवडीच्या पोटी होणाऱ्या कालवडींत त्यातला निम्मा वाटा पुढे जातो तो वेगळाच.

जाहिरातीत ‘वळूच्या आईचं दूध ८,००० लिटर’ असं लिहिलेलं असतं. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून हे गणित एकदा स्वतः करून पाहा.

समजा, त्या आईच्या गोठ्यातल्या तिच्या बरोबरीच्या गाईंची सरासरी ६,५०० लिटर आहे. म्हणजे ती सरासरीपेक्षा १,५०० लिटर जादा देते. पण हे जादाचं दूध सगळं रक्तातलं नसतं. चांगली वैरण, मोठी भाकड विश्रांती, चांगल्या हंगामात व्यालेली असणं, मालकाची तिच्यावर विशेष मर्जी, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. दुधाची आनुवंशिकता साधारण २५ ते ३० टक्के धरतात. ३० टक्के धरली तर १,५०० पैकी ४५० लिटर रक्ताचे. त्यातले निम्मे, म्हणजे २२५, तिच्या गोऱ्ह्यात आले. तो गोऱ्हा वळू झाला, त्याचा डोस तुम्ही भरलात. त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ११२ लिटर, तुमच्या कालवडीत आले.

१,५०० लिटरची जाहिरात, आणि तुमच्या दावणीपर्यंत ११२. वळूच्या बापाचा वाटा वेगळा मोजायचा, पण जाहिरातीत त्याच्याबद्दल बहुधा काहीच नसतं. ८,००० हा आकडा खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. तो आईबद्दलचा आकडा आहे, आपल्याला हवा आहे तो लेकींबद्दलचा.

आकड्यापुढे टक्क्यांत विश्वासार्हता दिलेली असते. ती कशासाठी?

पैदास मूल्य हा अंदाज आहे. तो किती पक्का आहे हे विश्वासार्हता सांगते. वळू किती चांगला आहे हे ती सांगत नाही. ९० टक्के विश्वासार्हतेचा वळू सुमार असू शकतो, फक्त तो सुमार आहे हे आता पक्कं कळलेलं असतं.

लेकी वाढतात तशी विश्वासार्हता वाढते. आनुवंशिकता २५ टक्के धरली, तर एकेका वेताची नोंद असलेल्या १० लेकींवर ती सुमारे ४० टक्के येते, २० लेकींवर ५७, ५० लेकींवर ७७ आणि १०० लेकींवर ८७. पहिल्या काही लेकी भराभर माहिती देतात, नंतर वाढ मंदावते. नुसत्या आई-बापाच्या आकड्यांवरून काढलेला अंदाज २०-३५ टक्क्यांतच घोटाळतो.

म्हणून कमी विश्वासार्हतेचा एकच तरुण वळू निवडून अख्खा गोठा त्याच्यावर भरवू नका. त्याचा आकडा पुढे वरही जाईल, खालीही. चार-पाच तरुण वळूंचे थोडे थोडे डोस वापरले तर एखादा घसरला तरी दुसरा सावरतो, आणि सगळ्यांची मिळून सरासरी बरीच खरी ठरते. लेकींवरून सिद्ध झालेल्या वळूचे डोस थोडे जास्त विश्वासाने, पण तेही मर्यादेतच.

आमच्याकडे चारा-पाणी कमी. मोठ्या फार्मवरच्या लेकींच्या दुधाशी आमच्या गावातल्या लेकींची तुलना न्याय्य कशी?

थेट तुलना केली तर अन्यायच होईल, आणि तो होऊ नये म्हणूनच हे सगळं शास्त्र उभं राहिलं. माण-खटावच्या दुष्काळी गोठ्यात ३,००० लिटर देणारी गाय आणि कालव्याच्या पाण्यावर बारमाही हिरवा चारा खाणारी ४,५०० लिटरची गाय समोरासमोर ठेवत नाहीत. प्रत्येक लेकीची तुलना तिच्याच गोठ्यातल्या किंवा गावातल्या, त्याच हंगामात व्यालेल्या, त्याच वेतातल्या इतर गाईंशी होते. माणमधली ३,००० वाली तिच्या बरोबरीच्यांपेक्षा ५०० ने वर असेल आणि ४,५०० वाली तिच्या बरोबरीच्यांपेक्षा २०० ने खाली असेल, तर पहिलीच्या बापाचा आकडा वर जातो.

हे सगळे हिशेब एकाच वेळी, सगळी नातीगोती लक्षात घेऊन करण्याची पद्धत अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या चार्ल्स हेंडरसन यांनी बसवली. ब्लप या नावाने ती जगभर वापरली जाते. वळू कोणत्या दर्जाच्या गाईंना लावला गेला हेही तिच्यात मोजलं जातं, म्हणजे निवडक गाई मिळालेल्या वळूला फुकटचं श्रेय मिळत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की एखाद्या वळूच्या सगळ्या लेकी एकाच गोठ्यात असतील तर त्यांच्यावरून फारसं काही कळत नाही. बाप चांगला की मालक चांगला, हे वेगळं करता येत नाही. लेकी गावोगाव विखुरलेल्या हव्यात.

लेकींच्या दुधावरून वळूची पारख करणारी अशी चाचणी भारतात होते का?

होते. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गुजरातच्या मेहसाणा दूध संघाबरोबर मेहसाणा म्हशीचा, साबरमती आश्रम गोशाळेबरोबर संकरित गाई आणि मुऱ्हा म्हशींचा संतती चाचणी कार्यक्रम चालवला. केरळात केरळ पशुधन विकास मंडळाने संकरित गाईंचा चालवला. २०१२ च्या आसपास सुरू झालेल्या राष्ट्रीय दुग्ध योजनेत या कामाला मोठा पैसा मिळाला, आणि आपल्या पंढरपुरी म्हशीसाठी वंशावळीवरून निवड करण्याचा कार्यक्रमही त्यात आला. पुढे राष्ट्रीय गोकुळ अभियानात ही कामं सुरू राहिली.

काम कष्टाचं आहे. तरुण वळूचे डोस शेकडो गावांत वाटायचे, झालेल्या कालवडींना बिल्ले मारायचे, त्या गाभण राहून व्याल्या की दर महिन्याला एकदा सकाळ-संध्याकाळचं दूध मोजायचं आणि नमुना घ्यायचा. पहिली खरी माहिती हाती येईपर्यंत वळू सहा-सात वर्षांचा होतो. तोवर त्याचे डोस द्रव नायट्रोजनमध्ये थांबून राहतात. दूध मोजायला महिन्यातून एकदा दारात येणाऱ्या माणसाला अनेक घरांत उगाच आलेला समजतात. त्याला नीट मोजू द्या. वासराला पाजलेलं दूध सांगा, आकडा फुगवू नका. त्या नोंदीत खोट मिसळली तर ती वळूच्या आकड्यात जाते, आणि तिथून डोसांतून हजारो गोठ्यांत.

जिनोमिक चाचणी ही काय भानगड आहे?

सहा-सात वर्षांची वाट कमी करणारी पद्धत. वासराचं रक्त, केस किंवा कानाचा छोटा तुकडा घेऊन त्याच्या डीएनएवरच्या हजारो खुणा वाचतात. ज्यांच्या खुणाही माहीत आहेत आणि दुधाच्या नोंदीही आहेत अशा हजारो जनावरांशी त्या ताडून पाहतात. म्यूविसन, हेज आणि गॉडार्ड या तिघांनी २००१ साली याचं गणित मांडलं, आणि अमेरिकेत जानेवारी २००९ पासून होलस्टीन व जर्सीचे अधिकृत जिनोमिक आकडे यायला लागले. वासरू काही महिन्यांचं असतानाच त्याचा अंदाज साठ-सत्तर टक्के विश्वासार्हतेने कळू लागल्यावर तिथे पैदाशीचा वेगच बदलला.

आपल्याकडे देशी गाई आणि म्हशींसाठी डीएनएवरच्या खुणा वाचणाऱ्या स्वतंत्र चिप बनवाव्या लागल्या, कारण होलस्टीनसाठी बनवलेल्या खुणा गीर किंवा मुऱ्ह्याला पुरत्या लागू पडत नाहीत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठीची एकत्रित जिनोमिक चिप आणि देशी बनावटीचं लिंगवर्गीकृत (सेक्स सॉर्टेड) रेत तंत्रज्ञान सुरू झालं.

चिप मात्र एकटी काही सांगत नाही. तिच्या मागे नोंदी असाव्या लागतात. ज्या जातीच्या दुधाच्या नोंदीच नाहीत, त्या जातीच्या वासराची डीएनए चाचणी केली तरी उत्तर देणार कोण?

परदेशी वळूच्या कार्डावर +१,००० दूध आणि भारतीय वळूवर +५०० दूध. पहिला दुप्पट चांगला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बहुतेक वेळा उत्तर न देताच डोस विकला जातो. थोडं थांबून वाचा.

पहिलं, मोजमाप. अमेरिकी कार्डावरचं दूध पौंडांत असतं. १,००० पौंड म्हणजे सुमारे ४५४ किलो.

दुसरं, निम्म्याचा हिशेब. अमेरिकी कार्डावर पीटीए असतो. तो आधीच निम्मा केलेला आकडा आहे, म्हणजे लेकीपर्यंत पोचणारा वाटा. आपल्याकडच्या यादीत बहुधा पूर्ण पैदास मूल्य असतं, ते आपण निम्मं करायचं. म्हणजे या उदाहरणात परदेशी वळूच्या लेकी तिथल्या सरासरीपेक्षा ४५४ किलोने वर, आणि भारतीय वळूच्या लेकी इथल्या सरासरीपेक्षा २५० ने वर.

तिसरं, सरासरी कुणाची? अमेरिकेतला शून्य म्हणजे तिथल्या ठराविक वर्षी जन्मलेल्या गाईंची सरासरी. दर पाच वर्षांनी ती पुढे सरकवतात. एप्रिल २०२५ पासून ती २०२० साली जन्मलेल्या गाईंवर आणली. त्या दिवशी एकाही वळूचं रक्त बदललं नाही, तरी बहुतेकांचे आकडे उतरले. आपला शून्य वेगळ्याच गाईंचा आहे. शून्य वेगळे असलेले दोन आकडे शेजारी ठेवून काहीच ठरत नाही. देशादेशांतले आकडे जुळवण्याचं काम स्वीडनमधल्या उप्साला इथली इंटरबुल ही संस्था करते, पण तिच्या यादीत आपल्या गावातल्या संकरित गाई नाहीत.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्या वळूच्या लेकी तिथे थंड हवेत, मोजून मिसळलेल्या आहारावर, पंखे आणि फवाऱ्यांखाली दूध देतात. मे महिन्यात ४२ अंशांत, कडब्यावर आणि मिळेल त्या हिरव्या चाऱ्यावर त्याच वळूची लेक तेवढाच फरक दाखवेल याची खात्री देता येत नाही. दोन वळूंचा तिथला क्रम इथे उलटाही होऊ शकतो.

मुक्त गोठा, मुरघास, उन्हाळ्याची सोय असलेल्यांनी चांगल्या परदेशी सिद्ध वळूचे डोस जरूर वापरावेत. तिथे निवड कित्येक दशकं काटेकोर नोंदींवर झालेली आहे, तो फायदा खरा आहे. पाच गुंठे घास आणि उसाच्या वाढ्यांवर दोन गाई सांभाळणाऱ्या कुटुंबाने मात्र इथल्या गावांतल्या लेकींवरून सिद्ध झालेला संकरित वळू निवडावा. त्याचा आकडा लहान दिसला तरी तो त्यांच्यासारख्याच गोठ्यांत मोजलेला आहे.

दुधाचा आकडा सर्वांत मोठा तोच वळू घ्यायचा का?

डेअरी दूध घेते ते फॅट आणि एसएनएफवर (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ चा हिशेब, म्हशीला ६.० आणि ९.० चा. रक्तात दूध आणि फॅटची टक्केवारी यांचा संबंध उलटा आहे. नुसत्या दुधावर वळू निवडत गेलात तर दोन पिढ्यांनी लिटर वाढतात आणि फॅट ३.२ वर येऊन दर कापला जातो. म्हणून दुधाबरोबर फॅटचे किलो पाहा, आणि तुमच्या गाईंना आधीच फॅट कमी असेल तर फॅटच्या टक्क्यात उणे असलेला वळू टाळा. फॅटच्या टक्केवारीची आनुवंशिकता दुधापेक्षा बरीच जास्त, पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. इथे निवडीचं फळ लवकर दिसतं.

कास, सड आणि पाय यांचे गुण दिलेले असतील तर तेही वाचा. लोंबती कास चिखलात घासली की दगडी (कासेची सूज) ठरलेलीच. मी स्वतः तरी दुधात थोडा मागे पण कासेत चांगला असलेला वळू पसंत करीन. तिसऱ्या वेतात विकावी लागलेली गाय कितीही दुधाळ असली तरी परवडत नाही.

आकडा उणे असेल तर वळू खराब समजायचा?

नाही. उणे म्हणजे यादीच्या सरासरीखाली एवढंच. काही गुणांत तर उणेच हवं असतं. दुधातल्या सोमॅटिक पेशी (वाढल्या तर कासेला सूज असल्याची खूण), वासराचं जन्माचं वजन, पहिल्यांदा विण्याचं वय, इथे आकडा खाली तो चांगला.

कालवडीला पहिल्यांदा भरवताना काय पाहायचं?

वीत सुलभ आहे का ते. पहिलारू कालवडीला थोराड वासरं देणाऱ्या वळूचा डोस भरला की अडणं, ओढणं, वार न पडणं, आणि पुढे गाय उलटत राहणं (भरवूनही गाभण न राहणं) ही साखळी लागते. कार्डावर सुलभ वीत किंवा त्याचा निर्देश असेल तोच वळू घ्या. लहान चणीच्या देशी किंवा गावठी गाईला संकर करायचाच असेल तर होलस्टीनपेक्षा जर्सी बरी.

गाय दोन-तीनदा उलटली. वळूचा दोष का?

बहुतेक वेळा नाही. गाभण राहण्याच्या गुणाची आनुवंशिकता पाच टक्क्यांच्याही खाली असते. आधी माज ओळखण्याची वेळ, खनिज मिश्रण, गर्भाशयाचा दाह आणि डोस हाताळण्याची पद्धत तपासा. ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळवायची गोठलेल्या रेताची कांडी खिशात किंवा तळहातावर वितळवली, की वळू कुठलाही असो, उपयोग नाही. पैदाशीतून या गुणात सुधारणा होते, पण ती पिढ्यांच्या हिशेबाने होते. खुराकातून ती याच वर्षी होते.

एकाच नामवंत वळूचे डोस वर्षानुवर्षे वापरले तर?

अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा होलस्टीन वळू होता. दुधासाठी इतका नावाजलेला, की त्याच्या सुमारे १६,००० लेकी झाल्या, नाती पाच लाखांवर आणि पणत्या वीस लाखांवर. त्याच्या रक्तात एका जनुकाची बिघडलेली प्रत होती. एक प्रत असली तर काहीच होत नाही. आई आणि बाप दोघांकडून आली तर गर्भ पोटातच मरतो. चीफचं रक्त सगळीकडे पसरल्यावर त्याचीच नातवंडं-पतवंडं एकमेकांना लागू लागली आणि गर्भ गळू लागले. कारण कळलं नव्हतं, गाई नुसत्या उलटताना दिसत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात आणि ४२ कोटी डॉलरचं नुकसान. त्याच वळूमुळे दुधात झालेला फायदा त्यांनी ३,००० कोटी डॉलर धरला. म्हणजे निवड चुकीची नव्हती. एकावरच भार टाकला गेला.

आपल्याकडे हा धोका दुसऱ्या वाटेने येतो. गावात एकच रेडा दहा वर्षं, आणि नोंद कुणाकडेच नाही. त्याच्या वगारी त्यालाच लागतात. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या वासरात रक्तदोष (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण) २५ टक्के, सावत्र बहीण-भावाच्या संबंधातून १२.५ टक्के. वासरं मरतुकडी होतात, दूध घटतं, आणि दोष बहुधा ‘यंदाच्या हवेला’ दिला जातो. गाईला तिच्या बापाचाच डोस पडू नये एवढी तरी काळजी घ्या. त्यासाठी बापाचा नंबर माहीत हवा, तो कसा जपायचा ते शेवटच्या प्रश्नात आहे.

मान्यताप्राप्त रेत केंद्रांवरचे वळू काही आनुवंशिक विकारांसाठी आणि क्षय, जोन्स, ब्रुसेलोसिस, आयबीआर यांसारख्या रोगांसाठी तपासलेले असतात. गावच्या मोकाट वळूचं तसं काही नसतं.

सेक्स सॉर्टेड डोसात पैदास मूल्य जास्त असतं का?

नाही. त्यातून साधारण ९० टक्के वेळा कालवड होते एवढंच. सुमार वळूचा सॉर्टेड डोस म्हणजे सुमार कालवडींची खात्री. गाभण राहण्याचं प्रमाणही साध्या डोसापेक्षा कमी असतं, म्हणून तो निरोगी कालवडींना आणि गोठ्यातल्या निवडक गाईंना वापरा. बाकीच्यांना साधा डोस.

खिल्लार, देवणी, पंढरपुरी यांच्या वळूंचे असे आकडे का दिसत नाहीत?

कारण आपण मोजलं नाही. महाराष्ट्रात खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला अशा गाई आणि पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी, पूर्णाथडी अशा म्हशी आहेत. त्यांची पारख करणारी माणसंही आहेत. खिल्लारच्या खोंडाची शिंगं, वशिंड, पायाची ठेवण, त्वचेची चमक पाहून बाजारात काही मिनिटांत किंमत ठरते, आणि पारखी माणसाचा अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो. पण तो अंदाज त्या खोंडाबद्दलचा असतो. त्याची पन्नास वासरं पाच वर्षांनी कशी निघाली, किती जगली, कामाला किती टिकली, हे कुणी लिहिलेलं नसतं. कोल्हापुरात कट्ट्यावर ग्राहकासमोर म्हशीची धार काढून दूध विकतात. त्या म्हशीचं दूध रोज मापात मोजलं जातं आणि रोज विसरलं जातं.

मला याची खरोखर खंत वाटते. रूपावर निवड करून जातीचं रूप टिकतं, दूध आणि काटकपणा टिकेलच असं नाही. ज्या गावांत अजून पन्नास-शंभर शुद्ध गाई आहेत तिथे बिल्ला आणि महिन्यातून एक दूधनोंद एवढं सुरू झालं, तरी दहा वर्षांत त्या जातीचे स्वतःचे आकडे उभे राहू शकतात.

हे सगळं दुधाच्या जनावरांपुरतंच आहे का?

नाही. मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांत हीच पद्धत आहे. अमेरिकेत सिमेंटल संघटनेने १९७१ मध्ये आणि अँगस संघटनेने १९७४ मध्ये वळूंची अशी यादी काढली. ऑस्ट्रेलियात आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून ब्रीडप्लॅन १९८५ मध्ये सुरू झालं. तिथे दुधाऐवजी जन्माचं, दूध तुटतानाचं आणि वर्षाचं वजन पाहतात. त्यांचा जुना अनुभव आपल्यालाही उपयोगी आहे: वर्षाच्या वजनावर निवड केली की जन्माचं वजनही सोबत वाढतं आणि गाई अडू लागतात. म्हणून ते कमी जन्मवजन आणि चांगली पुढची वाढ असे दोन्ही गुण असणारा, सहज न सापडणारा वळू शोधतात.

आपल्याकडे मेंढीत एक वेगळं काम झालं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली. तिथे एकच जनुक होता, तो चाचणीत आहे किंवा नाही असं सांगता येतं. दुधामागे हजारो लहान लहान जनुक असतात, म्हणून तिथे आकडा आणि टक्के लागतात.

चांगल्या वळूचा डोस भरूनही कालवड सुमार निघाली. मग आकडा खोटा?

सख्ख्या बहिणी घ्या. आई एक, बाप एक, तरी एक २० लिटरची आणि दुसरी १२ ची. रक्तातल्या एकूण फरकापैकी जवळपास निम्मा फरक सख्ख्या भावंडांतच असतो, कारण कुणाला कोणते निम्मे गुण मिळाले हे प्रत्येक वेळी वेगळं. पैदास मूल्य पन्नास लेकींच्या सरासरीबद्दल बोलतं, एका लेकीची हमी देत नाही. तुमच्या दोन कालवडींवरून वळूला नावं ठेवू नका, आणि शेजाऱ्याच्या एका फक्कड कालवडीवरून त्याला डोक्यावरही घेऊ नका.

माझ्या कुठल्या गाईची कालवड ठेवायची हे कसं ठरवू?

बादलीकडे पाहून नाही. पहिल्या वेताची गाय पूर्ण वाढलेल्या गाईच्या साधारण ७०-७५ टक्के दूध देते, तिला चौथ्या वेतवालीशी तोलू नका. हिवाळ्यात व्यालेली आणि ऐन उन्हाळ्यात व्यालेली यांची तुलनाही जपून. त्याच हंगामात, त्याच वेतात असलेल्या गाईंच्या सरासरीपेक्षा कोण किती वर, ते काढा.

एका वेतात १,००० लिटर वर असेल तर त्यातले अंदाजे ३०० रक्ताचे. तीन वेतांची सरासरी १,००० ने वर असेल तर ४५० धरता येतात, कारण तीनदा योगायोग होणं अवघड. त्यातले निम्मे कालवडीला. असा हिशेब वहीवर केला की गोठ्यातली खरी गाय कोणती हे कळतं, आणि ती अनेकदा आपण समजत होतो ती नसते.

नोंदी ठेवायला वेळ नाही. कमीत कमी काय लिहू?

डोस भरून झाल्यावर रिकामी कांडी गोठ्यातच पडते. ती उचला. तिच्यावर वळूचा नंबर, रेत केंद्राची खूण आणि तारीख बारीक अक्षरात छापलेली असते. धुऊन, पुसून त्या गाईच्या पानावर चिकटपट्टीने लावा, किंवा मोबाइलवर जवळून फोटो काढा. अक्षरं लवकर पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी नंबर हाताने लिहून ठेवा.

गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर पानाच्या डोक्यावर लिहा. त्याखाली भरवल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, कालवड की गोऱ्हा. दर महिन्याच्या एकाच ठरलेल्या तारखेला सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून लिहा, वासराने प्यायलेलं धरून. जमलं तर त्या दिवशीची फॅट. ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणीत तुमच्या गाईची नोंद चढवणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांना हेच पान दाखवा, आणि त्यांनी चढवलेला वळूचा नंबर तुमच्या कांडीवरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच उभं राहून पाहून घ्या.